'झोप: नॉर्मल'

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरवरची एक ओळ ठरलेली असते. भूक, झोप, शौच, लघवी, व्यसने या क्रमाने ती येते आणि विद्यार्थी बहुधा एका दमात ती भरून टाकतो: भूक नॉर्मल, झोप नॉर्मल, शौच-लघवी नॉर्मल. प्रस्तुत लेख या ओळीतल्या दुसऱ्या नोंदीविषयी आहे. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय का ठेवावा, असा प्रश्न सुरुवातीलाच पडेल. आमचे म्हणणे असे की, ही नोंद चुकते तेव्हा ती ज्ञानाच्या अभावामुळे जितकी चुकते, तितकीच ऐकण्याच्या अभावामुळे चुकते. आणि ऐकणे ही आपल्या शाखेची जुनी जबाबदारी आहे.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यातील एक जण महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो, दुसरी वैद्यकीय विद्यार्थ्यांना मज्जासंस्थेचे विकार शिकवते. गेली काही वर्षे आम्ही अधूनमधून एकमेकांच्या तासांना जाऊन बसतो. त्यातून जे मत तयार झाले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक रुग्णांच्या हकिकती त्यात मिसळल्या आहेत. साठी ओलांडलेले एक शेतकरी हाताला जखम होऊन अपघात विभागात आले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली होती. झोपेत हात भिंतीवर आपटला, एवढेच ते सांगत होते. सोबतची त्यांची पत्नी मात्र बोलू पाहत होती. "ह्ये रातच्याला कुनासंगं तरी भांडत्यात, डॉक्टर. लाथा झाडत्यात, वरडत्यात. म्या तर दोन वर्सं झाली, खाली चटईवर निजते." टाके घालणारा इंटर्न "बरं, मावशी" म्हणाला आणि त्याने लिहिले: घरात झालेली अपघाती जखम. झोपेच्या रकान्यात लिहिले: नॉर्मल. चार वर्षांनी तेच गृहस्थ मज्जाविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात आले. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागत होता, बँकेतली सही जुळेनाशी झाली होती. निदान पार्किन्सन्सचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्याचे, झाले. जुना कागद फाइलमध्ये होताच. त्यावर मावशींच्या चटईचा उल्लेख कोठेही नव्हता.

मावशी जे सांगत होत्या, त्याला वैद्यकात नाव आहे. निरोगी माणसाला स्वप्ने मुख्यतः ज्या झोपेत पडतात, ती 'रेम' नावाची अवस्था १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी वर्णिली. या अवस्थेत मेंदू जागेपणाइतकाच सक्रिय असतो, पण हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. निसर्गाने घातलेला हा बांध असल्यामुळे आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. काही माणसांत मेंदूच्या देठातली ही व्यवस्था बिघडते आणि मग स्वप्नातले भांडण प्रत्यक्ष हातापायांनी भांडले जाते. कार्लोस शेंक, मार्क माहोवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा येथून हा विकार माणसांमध्ये प्रथम व्यवस्थित नोंदवला. पुढे ध्यानात आले की तो पुष्कळदा एकटा येत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या १,२८० रुग्णांच्या अभ्यासात १२ वर्षांच्या अखेरीस पार्किन्सन्स किंवा त्याच कुळातला स्मृतिभ्रंश वगैरे विकार होण्याचे प्रमाण ७३.५ टक्के इतके निघाले. म्हणजे हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी रोगाने आपली वर्दी दिलेली असते. ती वर्दी रुग्णाला ऐकू जात नाही, कारण तो झोपलेला असतो. ती ऐकते त्याच्या शेजारी निजणारी व्यक्ती.

येथे आमच्या मुद्द्याला खरी सुरुवात होते. इतर बहुतेक आजारांत रुग्ण हा स्वतःच्या आजाराचा निवेदक असतो. झोपेच्या विकारांत नायक आणि निवेदक एक असूच शकत नाहीत. आपण कसे घोरतो, श्वास किती वेळ अडकतो, पाय कसे झटकले जातात, आपण काय बरळतो, हे झोपणाऱ्याला ठाऊक नसते. अपस्माराच्या झटक्याचेही तसेच. शुद्ध हरपल्यावर काय झाले, ते पाहणाराच सांगू शकतो. तेव्हा येथे वैद्याला दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबावे लागते आणि साक्ष म्हटली की तिच्याबरोबर सारे प्रश्न येतात: पाहणारा कोण आहे, त्याने किती पाहिले, तो काय लपवतो आहे, रुग्णासमोर बोलण्याची त्याला मुभा आहे का. कादंबरी शिकवताना 'हे कोण सांगते आहे' हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारतो. वॉर्डमध्ये तोच प्रश्न विचारायला शिकवले जात नाही, किंवा शिकवले तरी परीक्षेत त्याला गुण नसतात.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधला लेडी मॅकबेथच्या निद्राभ्रमणाचा प्रवेश आपण सगळेच अपराधगंडाचे उदाहरण म्हणून शिकवतो. तो एकदा रुग्ण-इतिहास म्हणून वाचून पाहावा. पाचव्या अंकाच्या आरंभी राजवैद्य दोन रात्री जागून काही दिसले नाही म्हणून साशंक झालेला आहे. राणीच्या सेवेतली बाई तिसऱ्या रात्री त्याच्यासोबत उभी आहे. राणी उठते कधी, करते काय, हे ती क्रमवार सांगते. पण राणी काय बोलते हे सांगायला मात्र नकार देते, कारण तिच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नाही. मग राणी येते. तिचे डोळे उघडे आहेत हे वैद्य टिपतो आणि ती जे बोलेल ते लिहून ठेवण्याचे ठरवतो. आजच्या निद्रावैद्यकात हे सर्व जिवंत प्रश्न आहेत. डोळे उघडे ठेवून अंथरुणातून उठून चालणे हे सहसा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून घडते. डोळे मिटलेले, माणूस बिछान्यातच आणि रात्रीच्या उत्तरार्धात हातापायांची मारामारी, हे चित्र मावशींच्या नवऱ्याचे. दोन्हींचे अर्थ वेगळे, पुढची वाट वेगळी. 'डोळे उघडे होते की मिटलेले?' आणि 'पहाटे की पहिल्या झोपेत?' हे दोन प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. सेवेतल्या बाईला बोलते करावे लागते, इतकेच. तिला बोलायला भीती का वाटते, हेही समजावे लागते.

मज्जासंस्थेच्या आजारांचे शास्त्र अशाच पाहण्या-ऐकण्यातून उभे राहिले आहे. लंडनच्या हॉक्सटन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवातावर जो निबंध लिहिला, तो अवघ्या सहा माणसांवर आधारलेला होता, आणि त्यांतली काही त्याने केवळ रस्त्यात पाहिलेली होती. त्या छोट्या निबंधातही रुग्णाच्या बिघडत गेलेल्या झोपेची नोंद आहे. विल्यम गॉवर्स या इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञाला तर लघुलेखनाचे वेड होते. वैद्यांनी लघुलिपी शिकावी म्हणून त्याने १८९४ साली एक मंडळच स्थापन केले. रुग्णाचे बोलणे उताविळीने आपल्या शब्दांत उतरवण्यापेक्षा ते जसेच्या तसे पकडता यावे, ही निकड आम्हाला त्यामागे दिसते.

आजचा विद्यार्थी या विषयाला घाबरतो. त्या भीतीला राल्फ जोझेफोविच यांनी १९९४ साली 'न्यूरोफोबिया' असे नाव दिले. पहिल्या वर्षी शिकलेली मेंदूची रचना तिसऱ्या वर्षी खाटेवरच्या माणसाला कशी लावायची हे उमगत नाही, हे या भीतीचे मुख्य कारण त्यांनी सांगितले. मग विद्यार्थी हातोडीने प्रतिक्षेप तपासणे, तळपायावर रेघ ओढून अंगठा वर जातो की खाली ते पाहणे, या गोष्टी घोकतो. त्या आवश्यकच आहेत. दोष मेंदूत आहे की मज्जारज्जूत की नसेत, हे त्यातून कळते. पण दोष कशाचा आहे, हे पुष्कळदा कळते ते काळाच्या गतीवरून. क्षणात आलेला दोष बहुधा रक्तवाहिनीचा. काही दिवसांत वाढत गेलेला जंतुसंसर्गाचा किंवा दाहाचा. आठवड्या-महिन्यांत वाढलेला गाठीचा असू शकतो. वर्षानुवर्षे सरपटत आलेला ऱ्हासाचा. ढोबळ असला तरी हा नियम प्रत्येक पिढी शिकते. आणि ही गती तपासणीत सापडत नाही, ती सापडते हकिकतीत.

मराठी शिकवणाऱ्यांनी येथे कान टवकारावेत. आपल्या भाषेत ही गती क्रियापदातच बसलेली असते. 'हात गळून पडला' म्हणणारा रुग्ण आणि 'हात काम देईनासा झाला' म्हणणारा रुग्ण दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. 'दिसेनासे झाले', 'चालवेनासे झाले', 'सही जुळेनाशी झाली' या रूपांत हळूहळू ओसरत जाण्याचा काळ व्याकरणानेच भरून ठेवला आहे. शिवाय 'मला चालता येत नाही', 'मला चालवत नाही' आणि 'माझा पाय उचलत नाही' ही तीन वाक्ये घ्या. पहिल्यात क्षमताच नाही. दुसऱ्यात व्याकरणकारांनी शक्य क्रियापद म्हटलेला तो प्रयोग आहे. त्यात दम, वेदना, थकवा, उमेद हे सगळे येऊ शकते. तिसऱ्यात एका अवयवाकडे बोट दाखवले आहे. या तिन्ही वाक्यांचे केसपेपरवरचे इंग्रजी भाषांतर एकच होते: पायात अशक्तपणा. असे भाषांतर करणारा विद्यार्थी इंग्रजीत कच्चा नसतो. त्याने मराठी वाक्य ऐकलेलेच नसते.

'चक्कर' या शब्दाची कथा अशीच आहे. गरगरणे, भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोक जाणे, डोके हलके होणे हे सगळे रुग्ण 'चक्कर' या एका शब्दाखाली आणतो. नीट विचारले तर तो स्वतःच त्यांत फरक करतो. भोवताल गरगरणे बहुतेकदा कानाच्या आतील तोल-यंत्रणेकडे किंवा मेंदूतल्या तिच्या जोडण्यांकडे नेते. उभे राहताच येणारी अंधारी रक्तदाबाकडे नेते. चालतानाच जाणारा झोक लहान मेंदूकडे, नाही तर पायांच्या संवेदनेकडे. भाषेत भेद आहेत. ते उचलून घेणारा हवा.

झोपेच्या बाबतीत आपली भाषा किती श्रीमंत आहे, हे तर सांगायलाच नको. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, ग्लानी, साखरझोप, सावध झोप, डोळा लागणे, डोळ्याला डोळा न लागणे, झोपमोड, जागरण. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. एवढ्या परंपरेच्या आणि एवढ्या शब्दांच्या पोटी केसपेपरवर उरतो तो 'नॉर्मल' हा एक शब्द. वास्तविक थकवा आणि पेंग यांतला फरक निद्रावैद्यकाच्या मुळाशी आहे. निद्रानाशाचा रुग्ण दिवसभर थकलेला असतो, पण दुपारी आडवे पडूनही त्याचा डोळा पुष्कळदा लागत नाही. झोपेत श्वास अडकणारा रुग्ण रात्रभर झोपल्याचे सांगतो आणि समोर बसल्या बसल्या पेंगतो. दोघेही 'झोप नीट होत नाही' असेच म्हणतील. दुसऱ्याला नुसती झोपेची गोळी लिहून दिली, तर काही वेळा त्याचा श्वास आणखी अडकण्याचा धोका असतो. शब्दातला फरक येथे प्राणाशी येतो.

दिवसाची पेंग मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली तयार केली. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. वाचताना, टीव्ही पाहताना, मोटारीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, रहदारीत मोटार थांबली असता डुलकी लागण्याची शक्यता किती, असे ते प्रसंग आहेत. प्रश्नावली चांगलीच आहे. पण ती एखाद्या विद्यार्थ्याने ओळीने मराठीत करून वाडीवरच्या आजींपुढे ठेवली, तर आजी ना वाचत ना मोटारीत बसत. आठांपैकी निम्मे प्रसंग त्यांच्या आयुष्यातच नाहीत. गुण कमी भरतील आणि आजींना पेंग येत नाही असे कागदावर सिद्ध होईल. आजींना विचारायला हवे ते एसटीत बसल्यावर, कीर्तनाला बसल्यावर, शेंगा निवडताना, नातवाशी बोलता बोलता डोळा लागतो का, हे. अर्थात असे प्रसंग मनाला येतील तसे बदलून चालत नाहीत. बदललेली प्रश्नावली पुन्हा पारखून घ्यावी लागते. पण शब्दशः भाषांतर आणि अर्थाचे भाषांतर यांतला भेद आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो, तो येथे उपयोगी पडावयाचा आहे.

येथवर वाचून साहित्याच्या बाजूने समाधान वाटत असेल, तर त्याला थोडा चिमटा काढणे भाग आहे. साहित्याने झोपेचे आजार पाहिले खरे, पण पाहून तो पुष्कळदा हसला. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, म्हणजे १८३६-३७ सालच्या लेखनात, जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, कामाच्या मध्येच घोरू लागतो. त्याचे वर्णन इतके नेमके आहे की १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लठ्ठपणा, मंदावलेला श्वास आणि दिवसाची अनावर झोप या विकारसमूहाला त्या कादंबरीचेच नाव दिले. कादंबरीकाराची नजर वैद्यकाच्या सव्वाशे वर्षे पुढे होती, हे सांगताना आपण हे विसरतो की त्या सव्वाशे वर्षांत अशी किती मुले केवळ विनोदाचा विषय झाली असतील. पुढे ते नावही हिणवणारे वाटू लागल्याने वैद्यक त्यापासून बरेच दूर झाले.

आपण तरी वेगळे काय करतो? वर्गात मागच्या बाकावर झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतो, उशिरा उठणाऱ्याला सूर्यवंशी. नावे ठेवणे आणि नाव देणे यांत मराठीने किती अर्थपूर्ण फरक केला आहे! जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने १८८० साली पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका माणसाच्या अनावर झोपेला 'नार्कोलेप्सी' असे नाव दिले. या विकारात दिवसा झोपेचे झटके येतात, आणि पुष्कळांना मोठ्याने हसताच गुडघे लुळे पडण्याचा अनुभव येतो. मेंदूतील हायपोक्रेटिन किंवा ओरेक्सिन नावाच्या रसायनाचा शोध १९९८ साली लागला. बहुतेक अशा रुग्णांत ते जवळजवळ नाहीसे झालेले असते, हे २००० साली माणसांच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीच्या मेंदूतले चेतापेशींचे एक केंद्र गेलेले असते आणि आपण तिच्या प्रगतिपुस्तकावर 'आळशी' असा शेरा लिहितो. हसताना कोसळली म्हणून तिला फेफरे येते असेही कोणी ठरवते. फेफऱ्याच्या शिक्क्याची किंमत आपल्याकडे ठाऊक आहे. हिंदू विवाह कायद्यातील वैध विवाहाच्या अटींतून 'अपस्मार' हा शब्द १९९९ साली वगळला गेला. कायद्यातून शब्द गेला. स्थळे पाहणाऱ्या घरांतून तो अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा चुकीचा शब्द चुकीच्या कागदावर पडणे ही नुसती लेखनातली चूक राहत नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आज मेंदूची प्रतिमा काढता येते, रात्रभर झोपेचे आलेखन करता येते. मग गोष्टी ऐकत बसण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, मावशींच्या नवऱ्याची एमआरआय त्या दिवशी काढली असती तरी ती बहुधा निर्दोष आली असती. झोपेच्या आलेखनाने निदान पक्के होते हे खरे, त्याशिवाय ते पक्के म्हणूही नये. पण ती तपासणी सर्वत्र नाही, ती खर्चिक आहे, आणि कोणाला तिकडे पाठवायचे हे ठरते ते मावशींच्या वाक्यावरून. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चार वर्षे आधी कळले असते तर केले काय असते? पार्किन्सन्सची वाटचाल थांबवणारे सिद्ध झालेले औषध आजही नाही. मग भविष्याचे ओझे माणसावर आधीच का टाकावे? यावर आमच्या दोघांतही पूर्ण एकमत नाही. किती सांगायचे, कधी सांगायचे, हे रुग्णाला विचारूनच ठरवावे लागेल. पण झोपायची जागा सुरक्षित करता आली असती. हा त्रास चाळवणारी काही औषधे चालू आहेत का ते पाहता आले असते. रात्रीची मारामारी कमी करणारी औषधे देता आली असती. आणि मावशींना हे सांगता आले असते की त्यांचा नवरा त्यांच्यावर हात उगारत नाही, तो आजारी आहे. दोन वर्षे चटईवर निजणाऱ्या बाईच्या मनात काय काय येऊन गेले असेल, ते कोणत्याही केसपेपरात लिहिलेले नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरन यांनी २००० साली कथनाधारित वैद्यकाचा जो उपक्रम सुरू केला, त्याचे अनुकरण आता अनेक ठिकाणी होते. आम्हाला त्याविषयी आदर आहे, आणि धास्तीही. डॉक्टरांना चार कविता वाचायला लावल्या की ते सहृदय होतात, असा एक भाबडा समज त्यातून पसरतो. सहृदयतेचा प्रश्न आम्ही येथे काढलेला नाही. अपघात विभागातला तो इंटर्न सहृदय होता. तो मावशींना मावशी म्हणाला होता. त्याला त्यांचे वाक्य हे माहिती म्हणून ऐकायला कोणी शिकवले नव्हते.

आणि तो स्वतः किती तास जागा होता, हेही विचारले पाहिजे. झोपेचे आजार शिकवणारी व्यवस्था शिकणाऱ्याला झोपू देत नाही, ही विसंगती आता कोणाला विसंगतीही वाटत नाही. सलग दीड दिवस काम केल्याचे निवासी डॉक्टर अभिमानाने सांगतात आणि आपण ते कौतुकाने ऐकतो. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टरांविषयीच्या निर्देशात सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा अधिक नसावे, असा आकडा होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि विश्रांतीही 'वाजवी' मिळावी, असे म्हटले आहे. संहितेचे वाचन करणाऱ्यांना या विशेषणाचे वजन वेगळे सांगायला नको. आकडा गेला आणि विशेषण आले, की अर्थ ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याकडे जातो. आणि येथे वाचणारा विभागप्रमुख असतो. झोप ही चैन आहे असे ज्याच्या देहाला वर्षानुवर्षे शिकवले गेले, तो रुग्णाच्या झोपेची विचारपूस मनापासून कशी करील? 'झोप: नॉर्मल' ही नोंद पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या अवस्थेचीही नोंद असते.

तर आम्हाला काय हवे आहे? २०१९ पासून वैद्यकीय पदवीचा नवा, क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम आला. त्याच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा आहे आणि संवादकौशल्याचे स्वतंत्र घटकही आहेत. प्रवेश अखिल भारतीय कोट्यातून होत असल्याने मराठी मुळीच न येणारी मुले आपल्याकडे शिकायला येतात. आणि मराठी घरांतली, पण 'पोटऱ्यांत वळवळतं' या वाक्याला काय म्हणावे हे न समजणारी मुलेही येतात. हे वाक्य बहुधा अस्वस्थ पायांच्या विकाराचे असते. पुष्कळांत त्यामागे शरीरातली लोहाची कमतरता असते आणि ती भरून काढता येते. आज हा भाषेचा वर्ग 'कुठे दुखते, किती दिवस दुखते' यापुढे फारसा जात नाही. तो मराठीच्या शिक्षकांनी वैद्यकाच्या शिक्षकांसोबत घ्यावा. रुग्णाच्या तक्रारीचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, काहीही न बदलता लिहिण्याचा दंडक असावा, भाषांतर त्याखाली. झोपेचा रकाना दोन ओळींचा करावा: झोपणाऱ्याने सांगितलेले आणि शेजारी निजणाऱ्याने सांगितलेले. आता घरोघरी मोबाइल आहेत. रात्रीच्या प्रकाराचे चित्रण करून आणायला सांगणे तर सहज जमण्यासारखे आहे. आणि आपल्या विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण येथल्या बोलींत झोप, चक्कर, मुंग्या, झटके यांना काय काय म्हणतात, याचे संकलन एम. ए. च्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. संशोधनाला विषय उरले नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी करतो. हा विषय रुग्णालयाच्या बाकावर रांगेत बसून आहे.

आमच्यातल्या वैद्यकाच्या शिक्षिकेने अलीकडे एक पद्धत सुरू केली आहे. विद्यार्थ्याने केस मांडली की ती पहिला प्रश्न विचारते: हे तुला कोणी सांगितले? विद्यार्थी गोंधळतात. 'पेशंटने' असे उत्तर येते. 'तो तर झोपला होता', असे म्हटले की वर्गात थोडा हशा होतो. मग कोणी तरी उठून बाहेर जाते आणि दारापाशी पिशवी घेऊन बसलेल्या बाईंना आत बोलावते.